मेंढरांचा आकडा

रहिमतपुरात माझ्या घरी अजून नवशिके मास्तर येतात. चहा घेतात, वही उघडतात आणि विचारतात, "गुरुजी, वर्गात नाना तऱ्हेची पोरं असतात. सगळ्यांना एकदम कसं गुंतवायचं?" कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलंय की या म्हाताऱ्याने तरुणपणी जत तालुक्यात मोठे प्रयोग केले. मी दोन-चार गोष्टी सांगतो, ते लिहून घेतात, खूश होऊन जातात. एक गोष्ट मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही. सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि बायको आतून विचारते, "कुणावर ओरडताय?" ओरडावं असा माणूस एकच आहे आणि तो माझ्याच खुर्चीत बसलेला असतो. म्हणून आता लिहूनच काढतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी तेवीस वर्षांचा. आमचं घर उसाचं आणि फौजेचं. वडील सुभेदार होऊन परत आलेले. माझ्या नेमणुकीचा कागद आला, गाव जतच्या पार टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. मी तोंड वाकडं केलं तर वडील म्हणाले, "पोस्टिंग म्हणजे पोस्टिंग. उचल ट्रंक." उचलली. एसटीने जतपर्यंत, पुढं मालट्रकने आणि शेवटचे तीन मैल पायी. गावात पोचलो तेव्हा पाण्याच्या टँकरपुढं घागरींची रांग लागली होती. माझ्या शाळेतली निम्मी पोरं त्या रांगेत उभी होती.

शाळा म्हणजे एक खोली. पहिली ते चौथी तिच्यातच, मास्तर एकटा मी. पटावर चाळीसेक पोरं. काही घरी कानडी बोलणारी, त्यांना माझं मराठी कळायचं नाही. काही धनगरांची, ती मराठी बोलायची, पण पावसाळा सरला की मेंढरांमागं निघून जायची. एक किराणा दुकानदार जैनाचा मुलगा, त्याला सगळं आधीच यायचं, म्हणून तो दिवसभर इतरांना चिमटे काढायचा. एक फौजीचा मुलगा, त्याला काहीच यायचं नाही, पण सावधान-विश्राम झकास यायचं. पहिला महिना मी नुसता ओरडलो. छडीही वापरली, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि कुणाला एक अक्षर आलेलं नसायचं.

मग मी डोकं लावलं. ट्रेनिंग कॉलेजात घोकलं होतं, मुलाच्या परिसरापासून सुरुवात करा. म्हटलं, करून तर बघू. कानडी पोराशेजारी मराठी पोर बसवलं. भिंतीवर गेरूने चित्रं काढली, खाली दोन्ही भाषांतले शब्द लिहिले. कानडी शब्द मी पोरांकडूनच शिकलो, चुकलो की ती खदाखदा हसायची, आणि हसणारं पोर झोपत नाही एवढं मला तेव्हा कळलं. शनिवारी सकाळची शाळा असते, तिचा शेवटचा तास मी पोरांना देऊन टाकला. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. दुकानदाराच्या मुलाने तराजू आणून पावशेर-अर्धा किलो शिकवलं. फौजीच्या मुलाने सगळ्यांना रांगेत चालवलं. पोरं दिवस मोजायला लागली, शनिवार कवा येतोय म्हणून.

त्याच तासाला मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. धनगराची मुलगी, चौथीत होती, अकरा-बारा वर्षांची, कारण मेंढरांपायी दोन वर्षं मागं पडलेली. तिने पाटीवर मेंढीचं तोंड काढलं. मग दुसरं काढलं. म्हणाली, "ही दोनी येक न्हाईत. बगा." कुणाला फरक दिसेना. मग तिने कान दाखवला, कपाळ दाखवलं, डोळ्याखालची काळी रेघ दाखवली. अर्ध्या तासात सगळा वर्ग मेंढीचं तोंड वाचायला शिकला. मी तेवीस वर्षांचा शहाणा, मलाही तोवर सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसायच्या.

पोरगी हुशार म्हणजे लय हुशार. कानडी, मराठी दोन्ही पाण्यासारखी वाहायची. मी मराठीत सांगितलेलं ती कानडी पोरांना त्यांच्या भाषेत सांगायची, त्यामुळे अर्धी शाळा तीच चालवत होती म्हणा ना. आणि गणित! चिंचोक्यांचे ढीग करून मी बेरजा घालायचो, तर ढीग होईस्तोवर तिचं उत्तर तयार. पाढे एकोणतीसपर्यंत तोंडपाठ. गावात शाळा चौथीपर्यंतच. धनगरांच्या वस्तीवरची एकही मुलगी चौथीपर्यंत पोचली नव्हती. मी ठरवून टाकलं की ही पाचवीला जाणार, मग काय वाट्टेल ते होवो.

तिच्या बापाशी बोलायला वस्तीवर गेलो. उंच, शांत माणूस, खांद्यावर घोंगडं. संध्याकाळी मेंढरं जाळ्याच्या कुंपणात घेत होता. मी सहज विचारलं, "किती आहेत?"

"हायती की, बिरोबाच्या दयेनं."

"हो, पण किती?"

तो हसला. "हायती गुर्जी, लय हायती." मग कुंपणाच्या तोंडाशी उभा राहून तो नुसता बघत राहिला. सगळी आत गेल्यावर म्हणाला, "कानफाटी न्हाई आली," आणि पोराला परत पिटाळलं. मी मनात म्हटलं, बिचारा, याला मोजताही येत नाही. हे माझं मनातलं वाक्य मी पुढं वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

पाचवीचं त्याने सरळ नाही म्हटलं नाही. "चौथी पास हू दे, मंग बगू. सबूद देतो," म्हणाला.

पावसाळ्यात विस्तार अधिकारी साहेब तपासणीला आले. असलं काही बघायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. भिंती वाचल्या, पोरांना कानडीत-मराठीत प्रश्न विचारले, तिला चार तोंडी हिशेब घातले. चारही तिने साहेबांचं वाक्य संपायच्या आत सोडवले. साहेब चाटच पडले. जाताना म्हणाले, "ही मुलगी चौथी पास झाली की सांगलीच्या मुलींच्या वसतिगृहात घालू. मी शब्द टाकतो. आणि पुढचं गटसंमेलन तुमच्याकडं. नमुना पाठ तुम्ही घ्यायचा. असा घ्या की मास्तर लोकांनी बघत राहावं." गटसंमेलन म्हणजे आसपासच्या शाळांतल्या मास्तरांची महिन्याची बैठक, तिच्यात एकाने पाठ घेऊन दाखवायचा. मी त्या रात्री झोपलो नाही. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही.

बघत राहतील असा पाठ काय घ्यावा? मला सुचलं ते असं. पाठ खोलीत घ्यायचाच नाही. धनगराच्या वस्तीवर, मेंढरांच्या कुंपणाशी घ्यायचा. मेंढरं एकेक करून बाहेर सोडायची. पहिलीच्या पोरांनी एक ते दहा मोजायचं. दहा झाली की दुसरीच्या पोराने एक तुराटी बाजूला ठेवायची, म्हणजे दशक. तिसरीने त्यातली कोकरं वजा करायची. चौथीने पायांचा गुणाकार. आणि शेवटी एकूण आकडा तिने, आपल्या घरच्या मेंढरांचा, फळ्यावर लिहायचा. एक कळप, चार वर्ग, एकही पोर रिकामं नाही. अजूनही सांगतो, पाठ म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती.

तिला सांगितलं तेव्हा ती खाली बघत राहिली. नेहमी ताडकन बोलणारी पोरगी. मग म्हणाली, "गुर्जी, आमच्यात मोजत न्हाईत."

"काय मोजत नाहीत?"

"जितराब. मेंढरं. मोजली की जात्यात."

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, "अगं वेडे, चिंचोके मोजतेस, ते गेले का कुठं? आपण शिकलेली माणसं. आपणच असं म्हटलं तर कसं व्हायचं?" ती म्हणाली, "चिंचुकं जित्ती नसत्यात." त्यावरही मी हसलो. मग म्हणालो, साहेब येणारेत, सांगलीचं लक्षात आहे ना. तिने मान हलवली. त्या मानेचा अर्थ मी होकार असा घेतला, कारण मला होकारच पाहिजे होता.

पाठाच्या दिवशी तिचा बाप जतच्या बाजाराला गेला होता. मी मुद्दाम तो दिवस निवडला नव्हता, पण तो घरी नाही हे कळल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहितो. वीसेक मास्तर आले, कुणी सायकलने, कुणी चालत. बाभळीच्या फांदीला गुंडाळी फळा टांगला. साहेब घोंगड्यावर बसले. तिची आई झोपडीच्या दाराशी उभी होती, कडेवर तान्हं. तिला वाटलं असणार, शाळेचं काहीतरी गाणंबिणं आहे.

मेंढरं सुटायला लागली आणि पहिलीची पोरं ओरडायला लागली, एक, दोन, तीन. कानडी पोरांनी ओंदु, एरडु, मूरु धरलं. मास्तर लोक हसायला लागले, कौतुकाने. तुराट्या पडत गेल्या. मधेच तिच्या आईला उमगलं काय चाललंय ते. ती दोन पावलं पुढं आली आणि इतक्या साहेब लोकांपुढं थबकली. माझं लक्ष होतं, नव्हतं असं नाही. चौदा तुराट्या आणि वर तीन मेंढरं. मी खडू तिच्या हातात दिला. ती जागची हलेना. मी हळूच म्हटलं, "लिही गं, साहेब बघताहेत." तिने लिहिलं. एकशे त्रेचाळीस. अक्षर एवढं सुंदर की साहेबांनी आधी अक्षराचंच कौतुक केलं. टाळ्या झाल्या.

सगळे चहाला उठले तेव्हा तिची आई माझ्याजवळ आली. "गुर्जी, त्ये पुसा की."

"पुसतो की, मावशी. साहेबांना जरा बघू दे."

पुसलं नाही. साहेब म्हणाले, फळा असाच शाळेत टांगा, येणाऱ्या मास्तरांना दाखवायला होईल. मी फळा आकड्यासकट गुंडाळला आणि शाळेत नेऊन टांगला. पंधरा-वीस दिवस तो आकडा भिंतीवर होता. पोरगी रोज त्याच्यासमोर बसायची.

दसऱ्याच्या सुमाराला मेंढरांना देवी आल्या. अंगावर फोड, तोंडाला फेस, कोकरं तर उभ्या उभ्या पडायची. जतहून जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, हद्दीपलीकडून साथ आलीय, तिकडं गावंच्या गावं साफ झालीत, तुमच्याकडंही आणखी चार कळपांत शिरलीय. मला हायसं वाटलं. बघा माणूस किती नीच असतो, दारात मेलेल्या मेंढरांचा ढीग आणि मला हायसं वाटतंय. शाळेत पळत जाऊन मी फळा धुतला. कुणासाठी धुतला ते विचारू नका.

तिचा बाप शाळेच्या दारात आला. आत नाही आला. आरडाओरडा करील असं वाटलं होतं. पटका हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पोरीला न्हेतो गुर्जी."

मी त्याला जंतू समजावून सांगायला लागलो. भर वर्गात, फळ्यावर चित्र काढून. हवेतून कसे येतात, एका जनावराचे दुसऱ्याला कसे लागतात. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "व्हय, साथच हाय ती. डाक्टर काय खोटं बोलतूय? पर साथीला आमच्या दाराची वाट कुनी दावली?"

"बाकीच्या चार कळपांत कुणी मोजली होती?" मी जोरात विचारलं. वाटलं, आता पकडला.

"त्यास्नी बी कुनी मोजलं आसंल," तो म्हणाला. "आमाला काय ठावं? आमची पोरीनं मोजली, येवडं ठावं हाय." आणि मग खालच्या आवाजात, "तिला आमी काय म्हनलो न्हाई हां गुर्जी. हातबी लावला न्हाई. तीच जेवंना झालीया."

ती दप्तर घेऊन उठली. माझ्याकडं तिने पाहिलं नाही. मी वर्गाला म्हटलं, पाढे काढा, आणि पोरांनी काढले.

किती मेंढरं गेली ते मला कधीच कळलं नाही. सांगणार कोण? दिवाळीनंतर उरलेला कळप घेऊन ती माणसं चाऱ्याच्या शोधात बाहेर पडली. माझ्या वर्गात तिची जागा रिकामी आणि कानडी पोरं परत मुकी झाली. भिंतीवरची चित्रं होती, शनिवारचा तास होता, चिंचोके होते. पोरं हसायचीसुद्धा. पण मी काहीही नवीन करायला गेलो की हात थांबायचा, आता यातनं कुणाचं काय मोडणार म्हणून. इकडं साहेबांनी माझ्या पाठाचं टाचण सायक्लोस्टाइल करून तालुकाभर वाटलं. त्यात शेवटी छापलं होतं, विद्यार्थिनीने उत्साहाने उत्तर लिहिले.

फाल्गुनात कळप परत आला. मी गेलो, बापाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, "चौथीचा सबूद दिला होता तुम्ही. परीक्षेपुरती पाठवा. पास झाली की सांगली. इथनं लांब जाईल, मेंढरांपासनंही लांब." हे शेवटचं वाक्य मीच बोललो. लाज वाटते, पण तेवढंच त्याच्या मनाला पटलं. "सबूद दिलता, व्हय," तो म्हणाला. "येईल."

आली. वाळली होती, उंच झाली होती. सकाळी मराठीचा पेपर होता. तिने असा लिहिला की मी तिथंच उभ्याने वाचून काढला. 'माझा आवडता प्राणी' असा निबंध होता. तिने बैलावर लिहिलं. मला आशा वाटायला लागली. दुपारी गणिताचा पेपर दिला आणि मी मुद्दाम लांब जाऊन बसलो.

तासाभराने जवळ गेलो तर पेपर कोरा. वर तिचं नाव, इयत्ता, गाव. खाली काही नाही. परीक्षा क्रमांकाची जागासुद्धा मोकळी. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती समोरच्या भिंतीकडं बघत बसली होती.

मी खाली बसलो. "अगं, सोपाय. वाच तरी. मेंढरांचं काही नाहीय यात. आंबे आहेत बघ, आंबे. एका टोपलीत बारा, तर सात टोपल्यांत?"

तिने हात मांडीखाली आणखी दाबले.

"पाढा आहे नुसता. तुला येतंय."

"येतंय गुर्जी," ती म्हणाली. "म्हनून तर."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बाकीची पोरं बघत होती, बघू देत. वेळ संपला, मी पेपर गोळा केले. तिचा पेपर हातात धरून मी खिशातलं पेन काढलं. आठ-दहा उदाहरणं, पास होण्यापुरती. तिचं वळण मला येत होतं, मीच तर ते गिरवून घेतलं होतं. कोण विचारणार होतं? ती दारापर्यंत गेलेली वळली, पेन बघितलं आणि पळत परत आली. माझं मनगट धरलं तिने, दोन्ही हातांनी.

"तुमी बी लिवू नगासा," म्हणाली. "माज्या कागदावर आकडा नगो. थोडी ऱ्हायल्यात वो गुर्जी."

तिने वर्षभरात माझं सगळं ऐकलं होतं. मी तिचं पहिल्यांदाच ऐकलं. पेन खिशात ठेवलं. निकालपत्रक भरताना तिच्या गणिताच्या रकान्यात शून्यसुद्धा घातलं नाही, तसाच सोडला. कार्यालयाने त्या कोऱ्या रकान्यापुढं लाल शाईने 'गैरहजर' लिहून ते परत पाठवलं, आणि मी खाली सही केली.